डाव्या हाताची करंगळी

लाइपझिग, मार्च १८४४
गुरुवार सकाळ

प्रिय येटे,

मिनामावशीचा खोकला उतरला का? वायमारची हवा तिला मानवतेय म्हणतेस, ते वाचून बरं वाटलं. पण तुझ्या अलीकडच्या पत्रांत मावशीचा काढा, मावशीची झोप आणि लोथारची चौकशी यापलीकडे काही नसतं. पियानोचं नाव नाही. मावशीकडे एवढा चांगला पियानो असताना तू त्याला हात लावत नसशील, हे मला पटत नाही. असो. इथे तुझ्या लग्नाच्या चादरी शिवून झाल्या, पडदे तेवढे राहिलेत.

रविवारी दुपारी झाइडलित्झबाईंकडे लोथारने पियानोवर आपली नवी रचना, ती सोनाटा, वाजवली. दिवाणखाना गच्च भरला होता. मला पुढची खुर्ची मिळाली, होणारी सासू म्हणून. दुसरा, संथ भाग सुरू झाला आणि माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या वकिलांच्या पत्नीने हळूच रुमाल पुढे केला. तो घेताना माझी नजर लोथारच्या डाव्या हातावर गेली, आणि मग तिथून हललीच नाही.

त्याचा हात केवढा मोठा आहे तुला ठाऊक आहे. एरवी तो खर्जातले सूर असे धडाधड वाजवतो की मेणबत्त्या हलतात. त्या दिवशी मात्र तो हात पूर्ण सप्तकभर एकदाही पसरला नाही. खालचा सूर आधी एकटाच वाजायचा, मग हात उडी मारून वर जायचा, अन् करंगळी नुसती बाजूला बसून राहायची. मागे कोणीतरी पुटपुटलं, "काय नवीन कल्पना आहे!" नवीन कसली? तुझ्या बाबांची करंगळी तरुणपणीच चर्चच्या दारात चेंगरून ताठ झाली होती. त्यांच्या रचनांत पंचवीस वर्षं मी हाच डावा हात ऐकला.

तुला खरं सांगते, लोथारने बाबांची रचना उचलली, असा मला त्याच क्षणी संशय आला. बाबा गेल्यावर त्यांचे संगीताचे कागद लावून देतो म्हणून तो किती दुपारी त्यांच्या खोलीत बसायचा, आठवतं ना? मी दाराशी कॉफी ठेवायची आणि कौतुकाने परत फिरायची. घरी आल्या आल्या टोपीसुद्धा न काढता मी कपाट उघडलं. चर्चमध्ये गायच्या कॅन्टाटा, ऑर्गनच्या रचना, तीन वाद्यांसाठीची अर्धवट राहिलेली रचना, सगळं जागच्या जागी. पान न् पान पाहिलं. त्या सोनाटाची एक ओळही सापडली नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच अस्वस्थ झाले.

काल त्याला कॉफीला बोलावलं. नेहमीसारखा हसत आला, "आज सासूबाईंचा बदामाचा केक आहे वाटतं!" म्हणाला. मी केक कापता कापता सरळच म्हटलं, "लोथार, रविवारी वाजवलंस ते माझ्या नवऱ्याचं आहे."

तो क्षणभर पांढरा पडला. मग हसला. येटे, ते हसणं सुटका झालेल्या माणसाचं होतं. छातीवर हात ठेवून म्हणाला, "शपथेवर सांगतो, त्यांचा एकही सूर त्यात नाही."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो खरं बोलत होता, याची मला खात्री पटली. पण "ते माझं आहे" असं तो म्हणाला नाही. ज्याने महिनोन् महिने घाम गाळून काही लिहिलंय, त्याच्यावर चोरीचा आळ आला तर तो आधी तेच म्हणेल ना? आधी चिडेल. हा तर केकचा दुसरा तुकडा मागत होता.

तेव्हा मला तू आठवलीस. बाबांच्या मांडीवर बसून, त्यांच्या हाताकडे बघून शिकलेली. करंगळी उचलून वाजवायचीस, आणि मी ओरडायची, "अगं, तुझी धडधाकट आहे ना? ती काय शोभेला दिली आहे देवाने?" बाबा म्हणायचे, "राहू दे गं, तिला तसंच ऐकू येतं."

मी विचारलं, "मग येटेचं आहे का?"

त्याने कप खाली ठेवला. खिडकीकडे बघत म्हणाला, "ते तुम्ही तिलाच विचारा." आणि हातमोजे विसरून निघून गेला.

मी तशीच ट्युमलरांच्या छापखान्यात गेले, सोनाटा तिथेच छापायला दिली आहे. बाबांचे जुने स्नेही, त्यांनी काही न विचारता मुखपृष्ठ छापायचा तांब्याचा पत्रा दाखवला. वर सोनाटा, मध्ये लोथारचं नाव यायची, अजून रिकामी जागा, आणि खाली कोरून तयार झालेल्या ओळी: 'माझी वाग्दत्त वधू हेनरिएटे हिला अर्पण.' तुझंच तुला अर्पण करतोय तो!

हे पत्र आज दुपारच्या टपालगाडीने धाडतेय, कारण शनिवारी लोथार वायमारला निघतोय. मावशीची विचारपूस करायला, असं सगळ्यांना सांगत फिरतोय. तुम्ही दोघं माझ्यापुढे एकच गोष्ट सांगावी म्हणून तो येतोय, असं मला वाटतं. त्याच्याआधी मला तुझ्यापर्यंत पोचायचं होतं. तू हे त्याला प्रेमाने दिलं असशील, तर मी गिळून टाकेन आणि पडदेही शिवेन. त्याने मागून घेतलं असेल, तुला नाही म्हणता आलं नसेल, तर तुझी खोली गरम करून ठेवली आहे, लग्नाचं मी बघून घेईन. ट्युमलरांना मी काम थांबवायला सांगितलंय. म्हटलं, नाव वायमारहून येईल, जिने लिहिलं तिच्याच हस्ताक्षरात. कोणाचं नाव लिहायचं, ते तू ठरव. आणि येटे, तो संथ भाग फार सुंदर झालाय. रविवारी सगळे हे त्यालाच सांगत होते. मी तुला सांगतेय.

तुझीच,
आई