पुढे अडकलेली सीट

१४ मार्च

प्रिय ठेंगू,

अनेक आशीर्वाद. तब्येत बरी, गुडघे बरे, आणि डोकं तू समजतेस त्याहून बरं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची बातमी वाचून तू माझ्या डोक्याबद्दलच विचारणार आहेस. फोन केला असता, पण तू दोन मिनिटांत ‘ताई, पेशंट आलाय’ म्हणून ठेवून देतेस, आणि पेशंट म्हणजे कुणाचं तरी मांजर.

तर ऐक. मी गाडी घेतली. इटालियन. स्पोर्ट्स कूपे. दोन दारं, जमिनीपासून वीतभर उंच, वय वर्षं सव्वीस. हसून झालं असेल तर पुढे वाच.

झालं असं, की आमच्या लॅबमध्ये एक निवृत्त बँडमास्तर कवळीसाठी येत होते. एरवी डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कवळी बनवतो, ती कुणाच्या तोंडात जाते ते आम्हाला दिसतही नाही. पण या मास्तरांना पुढच्या दोन दातांमधली फट नव्या कवळीतही हवी होती. तरुणपणी त्या फटीतून शीळ घालायचे म्हणे. फट नेमकी केवढी, ते दाखवायला स्वतः आले. मी म्हटलं, हा माणूस आपल्याशी जमणारा आहे. चौथ्या खेपेला बघते तर ते गाडीत बसलेत आणि उतरता येत नाहीये. गाडी इतकी खाली, की कंबर वर येईना. मी आणि आमच्या मॅनेजरबाईंनी दोन्ही बगलांना धरून त्यांना अक्षरशः उपसून काढलं. फुटपाथवर उभे राहून म्हणाले, “ही आता घालवायला हवी. पण भंगारात नाही देणार.” मी म्हटलं, “मला द्या.” तोंडातून निघूनच गेलं बघ!

दिली त्यांनी. बऱ्यापैकी सायकलीला पडतात त्याहून थोडे जास्त पडले, तेव्हा तू उगीच काळजी करू नकोस.

रंग एके काळी पिवळाधमक असणार. आता आमच्या दातांच्या शेडच्या तक्त्यात सहज बसेल. हॉर्न दाबला की वायपर चालू होतात. शेजारच्या बाजूची काच मनाला येईल तेव्हा खाली जाते आणि आली वर तर आली. दार लावायचं म्हणजे आधी उचलायचं, मग ढुंगणानं ढकलायचं. चाकांवरच्या पत्र्याला बोट लावलं तर बोट आत जातं, म्हणून मी लावत नाही. पण अगं, एकदा सुरू झाली ना, की काय आवाज आहे! तिसऱ्या गिअरमध्ये टाकून जरा पाय दाबला की मी एकटीच मोठ्यांदा हसते. लायसन्स माझ्याकडे होतंच, पण या वयात हे सुचेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बंद केलं, परत उघडलं आणि मला विचारलं, “बाई, घरी कुणाशी भांडण झालंय का?” मी म्हटलं, घरी मी आणि रेडिओ, भांडायचं कुणाशी? मग त्यानं आधी टायमिंग बेल्ट बदलला. तो तुटला तर आतल्या आत इंजिनाचा भुगा होतो, आणि मास्तरांना तो शेवटचा कधी बदलला ते आठवत नव्हतं. आता मिस्त्रीसुद्धा गाडीच्या प्रेमात पडलाय. वरवर शिव्या देतो आणि संध्याकाळी जाता जाता तिच्यावरून फडकं मारून जातो.

एकच गैरसोय. चालवणाऱ्याची सीट अगदी पुढे सरकून तिथेच अडकून बसलीय. मास्तर तुझ्याच मापाचे. माझ्यासारख्या लांबलचक बाईचे गुडघे थेट हनुवटीला भिडतात. मिस्त्री म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे, गंज काढून देतो. मी म्हटलं, बघू, घाई काय आहे?

पहिल्या चकरेला त्याला शेजारी बसवून कालव्याच्या रस्त्यानं नेली. वळणावर जरा गंमत झाली, गाडी कालव्यात जाता जाता राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ते असो.

आता मुद्द्याचं. शहराबाहेरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा निघालीय. जाहिरातीचं कात्रण सोबत जोडलंय. गोठ्यागोठ्यांवर फिरती आहे, स्वतः गाडी चालवता आली पाहिजे, अर्ज महिनाअखेरपर्यंत. तू गायी-घोड्यांची डॉक्टर. लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं तुला. त्या अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीस, फिरतीची नोकरी सोडलीस, आणि नऊ वर्षं झाली, शहरात बसून मांजरांची नखं कापतेयस. पुरे झालं आता. एक रविवार काढ, ये, माझी गाडी घे आणि कालव्यावरून चक्कर मारून ये. मग अर्ज भर. नाही म्हणायचं नाही.

तुला हुकूम सोडायची सवय न सुटलेली,
ताई

२३ मार्च

ठेंगू,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी. ‘गाडीबद्दल अभिनंदन. शेजारी बसायला येईन, चालवायला सांगू नकोस. आईचा हात माझ्यामुळे मोडला. पुन्हा कुणाचं काही मोडायचं नाहीये मला.’

ते कार्ड ॲप्रनच्या खिशात घालून कामावर गेले आणि दिवसभरात एकच कवळी तीनदा बिघडवली. मॅनेजरबाई म्हणाल्या, घरी जा. घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले. आज खाडाखोड झाली तरी कागद बदलणार नाहीये, नाहीतर हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचंच नाही.

वळणावर गंमत झाली म्हणाले होते. ती गंमत नव्हती. समोरून एक सायकलवाला मधूनच येत होता. मला तो दिसला होता. मी वेग कमी केला होता, गाडी नीट कडेला घेत होते. तेवढ्यात शेजारून मिस्त्रीचा हात आला आणि त्यानं स्टिअरिंग खेचलं. गाडी भसकन कालव्याकडे वळली. पुढचं चाक गवतात उतरलं, मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले, हॉर्न दाबला गेला आणि वायपर खडखडायला लागले. सायकलवाला आमचा उद्धार करत निघून गेला.

मी मिस्त्रीवर जी ओरडले! “चालवणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग ओढतात का कधी? मेलो असतो ना आपण!” तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, “चूक माझी, बाई. तुम्ही बरोबर घेत होतात. मी घाबरलो आणि हात गेला.”

बस, एवढंच. काचेवर वायपर अजून फिरत होते आणि त्याचं सांगून झालंसुद्धा होतं.

मला नऊ वर्षं लागली. ठेंगू, त्या दिवशी तुझ्या हातातलं स्टिअरिंग मी ओढलं.

आईचे डोळे तपासून आपण परत येत होतो. आई मागे झोपली होती. कुत्रं आडवं आलं ते तुला माझ्याआधी दिसलं होतं, तू वेग कमी केला होतास, कुत्रं जवळजवळ पलीकडे पोचलंही होतं. मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. गाडी झाडावर गेली. तुझं डोकं काचेवर आपटलं, आईचा हात मनगटापाशी मोडला, आणि मला काही म्हणता काही झालं नाही.

दवाखान्यात तुला त्या मिनिटभराचं काहीच आठवत नव्हतं. तू माझा हात धरून विचारलंस, “ताई, मी काय केलं गं?” आणि मी म्हणाले, “कुत्रं आलं, तू घाबरलीस आणि जोरात वळवलीस.” तू लगेच मान हलवलीस. ताई सांगतेय म्हणजे तसंच असणार.

मला वाटलं होतं, आज एवढं सांगू, उद्या खरं सांगू. दुसऱ्या दिवशी आईच्या हाताचं ऑपरेशन होतं. नंतर तू नोकरी सोडलीस, आणि मग मला तोंडच उघडता येईना. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘धाकटीला गाडी झेपत नाही,’ आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत ते ऐकून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तीसुद्धा तेच समजून. तिला आता मला काही सांगता येणार नाही, आणि या गोष्टीनं माझा जीव तुटतो.

मी भित्री निघाले. सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरले, तुझ्या आयुष्याला वळण लावायला निघाले, आणि ते बिघडवलं होतं मीच. तू फार छान चालवायचीस गं. चिखलातून, अरुंद फाटकातून, गोठ्याच्या दारापर्यंत उलटी गाडी घ्यायचीस आणि वर तोंडानं गाणं चालू असायचं. तुझी काही चूक नव्हती. माझी होती. मला माफ कर म्हणते, पण तू केलंच पाहिजेस असं नाही.

आणखी एक. ती सीट. मिस्त्रीनं ती पहिल्याच दिवशी मोकळी करून दिली असती, मीच करू देत नाहीये. त्या दिवशी मास्तरांना गाडीतून काढताना मी ती सीट पाहिली. स्टिअरिंगला अगदी चिकटलेली, तू घेऊन बसायचीस तशी. “मला द्या” ते तेव्हा तोंडातून निघालं.

या रविवारी दहा वाजता तुझ्या फाटकाशी गाडी घेऊन येते. तू चालव. मी शेजारी बसेन, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवीन, आणि तोंडही बंद ठेवीन. माझं तोंड बघायचं नसेल तर खिडकीतून नुसती हातानं खूण कर, मी आल्या पावली परत जाईन. अर्ज मात्र भर. हा हुकूम नाही, विनंती आहे. मी आजवर कुणाला केली नाही, म्हणून जमली नसेल तर सांभाळून घे.

तुझी गुन्हेगार,
ताई

२७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार आज नाही.

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. एका बोक्याची दोन पायांची नखं कापून झाली होती, दोन पायांची राहिली होती. त्याच्या मालकिणीला म्हटलं, उरलेली उद्या. दवाखाना बंद केला आणि घरी चालत आले. घरी येऊन तू दिलेल्या सेटमधला एक कप फोडला. मुद्दाम. मग बशीही फोडली, नुसती बशी ठेवून काय करायची?

मला तुझा भयंकर राग आलाय. शेवटची सात वर्षं आईच्या त्या हाताला रोज मी तेल लावायचे आणि मनातल्या मनात तिची माफी मागायचे. कधी कधी मोठ्यानंही मागायचे. ती म्हणायची, जाऊ दे गं, मुद्दाम का केलंस तू? ताई, ती माफी तू मागायची होतीस. तू तिथेच बसलेली असायचीस, पेपर वाचत. हा राग एवढ्यात जाणार नाही, आणि तो घालवायची घाई तू करू नयेस.

पण खरं सांगते, घरी येताना मी चौकात उभी राहिले आणि जाणाऱ्या गाड्या बघत बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांची भीती वाटली नाही. मला रडू आलं आणि हसूही आलं. मी गाडी बरोबर चालवत होते! हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि ते तूच सांगू शकत होतीस.

रविवारी दहाला ये. गाडी फाटकाशी लाव, किल्ली आतच राहू दे, आणि खाली उतर. शेजारी बसायचं नाहीस. हात मांड्यांखाली ठेवून तर नाहीच नाही. मी एकटी जाणार आहे. कालव्यापर्यंत, त्या वळणावरून, आणि परत. तू फाटकाशी उभं राहायचंस. परत यायला किती वेळ लागेल ते मी सांगणार नाही, तू वाट बघायची आहेस.

मिस्त्रीला सांग, सीटला हात लावायचा नाही. तुलाही तेच सांगते.

अर्ज आज टाकला. ‘स्वतः गाडी चालवता का?’ या रकान्यात ‘हो’ लिहिलंय, शाईनं.

तुझी धाकटी बहीण,
जिला गाडी चालवता येते