झेड दादाचं, स्लॅश माझं

९ जानेवारी, शुक्र. कोहमारा

काल पोचले. जळगाव ते गोंदिया गाडी, पुढं बस. दादाला दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला. लकव्यानं उजवी बाजू पूर्ण गेली. हात उशीवर ठेवला की तिथंच राहतो. बोलणंही गेलं. एकच शब्द शिल्लक, "हव", म्हणजे आमच्याकडचं हो. पाणी पाहिजे? हव. नको का? हव. मी कोण? हव.

दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माणूस. आता भिंतीकडं तोंड करून पडतो. वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "माह्याकडं पाह्यतच नाईत हे, ताई. मी काय केलं बापा?"

काही केलं नाही तिनं. पण हे सांगून तिला पटत नाही.

११ जाने., रवि.

फिजिओवाला सडक अर्जुनीहून येतो, दिवसाआड. माणूस चांगला, पण कायम घाईत. म्हणाला, पहिले काही महिने फार महत्त्वाचे. उजव्या हाताला काम द्या, डाव्याचे लाड नको. दाबायला रबरी चेंडू दिला. तो गेल्यावर दादानं डाव्या हातानं चेंडू भिंतीवर फेकला. नेम चांगला होता. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझी सुट्टी महिनाअखेरपर्यंत. पुढं शाळेत दहावीची गडबड, तेव्हा कोणी सोडत नाही.

१३ जाने.

दुकान उघडून झाडून काढलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळ्यावर धूळ. मागं धानाच्या पोत्यांआड जुना कॉम्प्युटर! दादाच्या पहिल्या संगणक वर्गातला. मॉनिटर पोट सुटलेला, की-बोर्ड पिवळा पडलेला. झेड आणि स्लॅश या दोन बटणांवरची अक्षरं साफ पुसलेली, बाकी सगळी शाबूत. टायपिंग करून असं होत नाही. हे आमच्या पिनबॉलचं काम.

कॉम्प्युटरसोबत फुकट आलेला खेळ. मी तेव्हा कॉलेजात. वर्गातली पोरं गेली की आम्ही दोघं एका स्टुलावर, अर्धं अर्धं. पडद्यावर तारे, दिवे, आणि खाली दोन दांड्या. स्पेसबार दाबून सोडला की स्प्रिंगवरून गोळी वर उडायची, दिव्यांवर आपटत खाली यायची. दांडीनं पुन्हा वर मारायची. दोन दांड्यांच्या मधून सुटली की गेली.

हा खेळ एकानं दोन हातांनी खेळायचा. आमच्यात पाळीवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून दादानं वाटणी केली. डावी दांडी झेडवर, ती त्याची. उजवी स्लॅशवर, ती माझी. कायदा एकच. दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही, गोळी गेली तरी बेहत्तर. गोळी गेली की मी की-बोर्डला शिव्या द्यायचे. तो म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आणखी एक. टेबलाला धक्का द्यायचं बटण असायचं, गोळी वळवायला. मी ते सारखं मारायचे. फार धक्के दिले की पडद्यावर 'टिल्ट' यायचं आणि दोन्ही दांड्या मरायच्या. मग कितीही बटणं दाबा, गोळी आपल्या डोळ्यांदेखत खाली जाणार. "लय हलवशीन तं मशीन रुसते, सुने." किती वेळा म्हणाला असेल या सुनीला.

१४ जाने.

संक्रांत. दादाला तिळगूळ भरवला. गोड बोल म्हणायची सोय नाही.

१६ जाने.

कॉम्प्युटरची वायर उंदरानं खाल्लेली. चौकातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं नेली. तो म्हणाला, "मॅडम, कबाड में दे दो." जोडून दिली मात्र. वहिनीनं विचारलं, "कायले करून रायल्या हे सारं?" म्हटलं, बघू. मलाच माहीत नाही कायले.

१८ जाने., रवि.

चालू झाला!! घर्र घर्र करत, पण झाला. आतली बॅटरी संपलेली, त्यामुळं तारीख मागं जाऊन बसली आहे, दादाच्या लग्नाच्याही आधीची. बदलली नाही. राहू दे.

टेबल खाटेजवळ ओढलं. दादा भिंतीकडं. मी स्पेसबार दाबून सोडला. स्प्रिंगचा तो आवाज आला आणि त्याची मान वळली. आपोआप. मी एकटीच उजव्या दांडीनं मारत होते, झेडला हात लावला नाही. गोळी डावीकडून गेली. दुसरीही गेली. मग त्यानं डावा हात लांब केला.

वहिनी दारात उभी राहिली होती, पिठाच्या हातांनी.

२० जाने.

रोज संध्याकाळी खेळतोय. आता उठून स्टुलावर बसतो, भिंत आणि माझा खांदा धरून. डाव्या अंगाला तो, उजव्याला मी. त्याचा डावा हात अजून माझ्यापेक्षा बरा. माझी गोळी सुटली की "हव!" म्हणतो, ती नक्की शिवी असते. आज वहिनीकडं पाहिलं त्यानं. भात दोनदा घेतला. वहिनी म्हणाली, "तुमच्या खेळाले नारळ फोडू का?" फोड म्हटलं.

मला फार आनंद झाला आहे. लिहायला भीती वाटते.

२२ जाने., गुरु.

फिजिओ आला. उजवा हात जसाच्या तसा. मी मोठ्या कौतुकानं खेळाचं सांगितलं. तो म्हणाला, "मग डाव्यानं कशाला? उजव्यानं दाबू द्या ना. आत्ता नाही तर कधी?"

रास्त वाटलं. सुट्टी संपत आली, मला घाई. संध्याकाळी मी दादाच्या डावीकडं बसले. त्याचा मेलेला उजवा हात उचलून स्लॅशवर ठेवला आणि झेड मी घेतलं. दाब दादा. बोट हलेना. गोळी गेली. पुन्हा. दाब ना. गोळी गेली. त्यानं डावा हात झेडकडं आणला, तो मी धरून ठेवला. धरूनच ठेवला. दाब म्हणते ना! वर्गात ओरडते तशी ओरडले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले.

वहिनी आतून आली. "थोडा दम धरा, ताई. तुमाले जाची घाई हाय, तुमच्या दादाले नाई."

२३ जाने.

टिल्ट.

२६ जाने., सोम.

भिंतीकडं तोंड. तीन दिवस मी खेळ लावते, स्प्रिंग सोडते, मान वळत नाही. आवाज वाढवला. उजव्या अंगाला, माझ्या जागी बसून पाहिलं. झेडला हात न लावता सगळ्या गोळ्या जाऊ दिल्या. चुकलं माझं, म्हटलं. "हव," भिंतीला म्हणाला.

चौकात शाळेची पोरं झेंडे घेऊन जात होती, वहिनीनं खिडकी उघडली. तिकडंही पाहिलं नाही.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले मी. पण फिजिओ म्हणतो तेही खोटं नाही. उजवा हात आता सुटला तर सुटलाच. मग मी करायचं काय होतं? कोणाला विचारू? ज्याला विचारायची सवय, तो सगळ्यालाच हव म्हणतो.

३१ जाने., शनि.

निघाले. शेजारचे लोक कचारगडच्या यात्रेला निघालेले, गाडीत जागा होती, त्यांनी गोंदियापर्यंत आणून सोडलं. सगळी गाडी गाण्यात, मी खिडकीत.

निघताना दादाच्या पाया पडले. हात डोक्यावर आला नाही. डावाही नाही. वहिनीला बटणं दाखवून ठेवली, चालू कसा करायचा, बंद कसा करायचा. तिनं ऐकून घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

८ फेब्रु. जळगाव

फोन केला. खातो थोडं. फिजिओ येतो. फरक? "काय सांगू, ताई. तसेच हायेत."

शाळेत पोरांवर ओरडता येत नाही. तोंड उघडलं की ते डोळे मिटणं आठवतं. पोरं बिथरली आहेत, मॅडमला झालं काय म्हणून.

१६ फेब्रु., सोम.

वहिनीचा फोन. काल महाशिवरात्रीला आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला जाऊन आली. महादेवाला नारळ, दर्ग्यावर चादर, दोन्हीकडं मागणं एकच. शेजारच्या काकूंना घरी बसवून गेली होती. परत आली तर आतून स्प्रिंगचा आवाज. काकू म्हणाल्या, भिंत धरधरून स्वतःच गेले, मले हात लावू देईना.

"आजबी बसले. स्टुलावर अर्ध्यातच बसतेत, ताई, डाव्या अंगाले. पडाल म्हटलं, मधात सरका. सरकत नाईत. गोली तुमच्या बाजूनं आली का पडते. पाह्यवे ना मले. म्हून मी बसाले गेली, ते बटन दाबाले. तं माहा हात धरला अन् बाजूले केला. धरूनच बसले, गोली गेली तरी." मग म्हणाली, "राग नाई आला मले. पन तुमी कवा याल?"

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना विचारलं होतं. परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर तपासणी, सगळं उरकेपर्यंत नाव काढू नका म्हणाले. म्हणजे उन्हाळा. पहिले काही महिने महत्त्वाचे.

वहिनीनं फोन स्पीकरवर ठेवला. म्हटलं, दादा, राग आहे माझ्यावर? "हव." येऊ का मी? "हव." की नको येऊ? "हव."

मग स्प्रिंग ताणल्याचा आवाज, सुटल्याचा. दिव्यांची टिंगटिंग बराच वेळ चालली. माझं बोट इथं ओट्यावर दाबलं जात होतं. गोळी कुठं आहे ते दिसत नव्हतं, त्यामुळं कधी दाबायचं ते कळत नव्हतं.

आवाज थांबला.

"पडली," वहिनी म्हणाली. "पुन्ना लावून रायले."