हरकत असल्यास आत्ताच सांगावी

बाळकुम, ठाणे
मार्च १९५४

चि. शांतवन यास,

ताईचा आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्यांना सलाम. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे प्रभुकृपेने जागच्या जागी आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझे भावोजी ठणठणीत आहेत, आणि माझं खरं दुखणं तेच आहे.

तुला ठाऊकच आहे, मेथडिस्ट पाळकाची बायको म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. चर्चच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये बिशपसाहेबांनी नव्या गावाचं नाव वाचलं की उचला ट्रंका. मी लावलेल्या शेवग्याच्या शेंगा आजवर पुढच्या पाळकाच्या बायकोनेच खाल्ल्या. (एकीने तर शेंगा फार कोवळ्या आहेत म्हणून पत्राने कळवलं. मेलीला अक्कल नाही.) हे निवृत्त झाले आणि काळुराम पाटलाच्या चाळीत ही खोली मिळाली, तेव्हा म्हटलं, आता बास. इथून मला चौघांनीच उचलायचं.

आता ऐक. मागच्या पंधरवड्यात काळुरामच्या थोरल्या मुलीचं, शालूचं, लग्न झालं. आपल्या चाळीत पाद्रीसाहेब राहतात याचा त्या भल्या माणसाला भारी अभिमान. मुहूर्ताआधी त्याने यांना मांडवात उभं केलं आणि म्हणाला, आशीर्वादाचे दोन शब्द बोला. अरे, निवृत्तीपासून ज्याला कोणी साधी शेवटची प्रार्थनाही सांगितली नाही, तो माणूस दोन शब्दांवर थांबतो होय? समोर नवरा-नवरी दिसल्याबरोबर यांची जीभ जुन्या वाटेला लागली. खणखणीत आवाजात विचारलं, या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच सांगावी, नाहीतर पुढे कायमचं गप्प राहावं.

लग्नाचे धवले गाणाऱ्या बाया गाता गाता थांबल्या. आणि मागून काळुरामचा धाकटा भाऊ धाकू उठला. "माजी हाय हरकत! सख्ख्या चुलत्याला हलदीला बोलावला नाय!"

शांतवन, यांनी चर्चमधल्या लग्नांत जन्मभर हा प्रश्न विचारला, पण उत्तर म्हणून कधी कोणी दिलं नव्हतं! पुढे काय करायचं ते यांना आठवेना. घामाघूम होऊन माझ्याकडे बघत राहिले. (मी पदराआड. हसू की रडू कळेना.) दोघा भावांनी आज्या-पणज्यापासूनची भांडणं उकरली, मुहूर्त टळला, भटजी चपला शोधू लागले. शेवटी त्यांच्या म्हाताऱ्या आईने, आवडाबाईने, धाकूच्या तोंडाला भर मांडवात हळद फासली, तेव्हा कुठे लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी काळुराम दारात. खोली खाली करा! त्याच्या पाया पडायचंच काय ते मी बाकी ठेवलं. अखेर मवाळला, पण अट घालून गेला: वैशाखात धाकट्या सगुणेचं लग्न आहे, त्या दिवशी साहेब गावात दिसता कामा नयेत. दिसले तर बिऱ्हाड बाहेर. यांना मी हे सांगितलेलं नाही. आधीच अर्ध्या ताटावरून उठतात आणि म्हणतात, दीना, मी आता कशाच्याच उपयोगाचा राहिलो नाही का गं?

तुझी ताई,
दीना

ता. क. तर यांना वैशाखात महिनाभर उपदेशासाठी नगरला बोलावून घे. बोलावणं तुमच्या तिथल्या चर्चच्या मंडळीच्या नावाने येऊ दे. माझं नाव काढशील तर बघ.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तोच सगुणा मागच्या दाराने आली. नवरा बिजवर, तिच्या बापाच्या वयाचा, आणि घरात तिचं कोणी ऐकत नाही. म्हणाली, "आजी, साहेबांना कुठं पाठवू नको. भर मांडवात तो सवाल इचारायला सांग. मना उत्तर द्यायचा हाय." मी यांना सगळं सांगितलं, अटीसकट. ऐकून हे आज पोटभर जेवले. आमंत्रण असो नसो, लग्नाला आम्ही दोघंही जाणार. तेव्हा ते बोलावणं राहू दे. त्याऐवजी तिकडे आमच्यासाठी एखादी खोली बघून ठेव, ज्येष्ठापासून लागेल.