कप कोण धुणार?

रनाळे, १२ मार्च १९६६

चार दिवस वही टाळली, उगाच. उद्या इथल्या चौकात कॉलेजच्या पोरांसोबत माझ्या गाण्यांचं नाटक आहे. भिल्लानं हॉटेलात कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायचा, वर तो कप स्वतःच धुवायचा, असा त्यात प्रसंग आहे. ते काम आमच्या पोरांतल्या रामसिंगला दिलं. तो भिल्ल आहे म्हणूनच दिलं ना?

तो हसला. "कप मी रोजच धोस. नाटकमा बी मीच धोऊ का? माले हॉटेलवाला करा."

मग कप धुणार कोण? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. मला गायचंय, म्हणून मी सुटलो. शेवटी मगन उठला, इथल्याच पाटलाचा पोरगा. कप दोन बोटांत धरला त्यानं, पण धरला.

हे लिहितोय तोच दारात मगनचा बाप. आत न येताच विचारतोय, "तुमना नाटकमा भिल्ल कोन व्हई ऱ्हायना रे?"