भट्टीवरच्या दोन खोल्या

मी, सुनेत्रा अंबादास देवकर, वय ७४, राहणार करोलबाग, नवी दिल्ली, शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. आधीचे रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांना खूश ठेवले होते.

१. बँकेतील ठेवी व दागिने मुलगा यतीन आणि सून रेवती यांना समान.

२. गलाईची, म्हणजे सोने-चांदी गाळण्याची, हत्यारे आमच्या दुकानातील कारागीर केतन यांना. मुशी जुन्या आहेत, पण चिरलेल्या नाहीत.

३. माझे पती कै. अंबादास यांचा फोटो यतीनने इथल्या, दिल्लीतल्या द्वारकेच्या त्याच्या घरी न्यावा. वरच्या खोल्यांत लावू नये. त्यांचा धाकटा भाऊ गुणवंत स्मॅक ओढू लागला, तेव्हा गलाईतले सगळे मालक करतात तेच त्यांनी केले. त्याला गावच्या गाडीत बसवून दिले. गावी गेला की माणूस सुधारतो, असा आमच्याकडे समज. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात औषध नव्हते. गुणवंत तिथेच वारला. नवरा म्हणून अंबादास चांगले होते. ही एक गोष्ट मी माफ केलेली नाही.

४. दुकानावरच्या दोन खोल्या सरकारी अनुदानावर तिथे चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्राला, विनाभाडे वापरासाठी. आज तिथे मराठी बोलणारी समुपदेशक बसते. स्मॅकची तलफ थांबवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी भट्टी पेटण्याआधी मिळते. पालक म्हणून मालकाची सही मागत नाहीत. पूर्वी मागत. आमच्यात मालक म्हणजे मामा नाहीतर चुलता. सही होण्याआधी बातमी गावात पोचायची आणि माणूस पुन्हा फिरकायचा नाही.

हे सांगायला आणि मराठी समुपदेशक मागायला मी केतनला घेऊन अधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, "हिंदी तो आती है, फिर?"

केतन म्हणाला, "साहब, हिंदी में पूछो तो 'सब ठीक' बोलके निकल जाता हूँ. ये काकू मराठी में गाँव का नाम लेती हैं, तब फँसता हूँ."

साहेब हसले. सहीचा नियम गेला, मराठी समुपदेशक आली.

यतीन म्हणतो, "आई, भाडं बिल्कुल चांगलं येईल यार." येईल.

५. रेवती वकील आहे. तिचा आक्षेप असा: "आई, जागा फुकट मिळाली की ते म्हणतील, आता पगारही तुम्हीच द्या." बरोबर आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. माझी जागा अनुदानाच्या बदली नाही. समुपदेशकाचा पगार आणि गोळ्या सरकारने द्यायच्या आहेत. हे कारागीर या शहराचे रहिवासी आहेत. त्यांच्यावर कोणी उपकार करत नाही. अनुदानाची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. पुढचा निर्णय झालेला नाही.

६. अनुदान बंद झाल्यास खोल्या यतीनकडे जाणार नाहीत. त्या विकाव्यात आणि सर्व रक्कम अनुदान परत मिळवण्यासाठी कोर्टात लढण्यावर खर्च करावी. वकील रेवती. तिने फी पूर्ण घ्यावी. घरचे काम म्हणून सूट देऊ नये. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तीच पाहील.

कलम ५ व ६ ची प्रत मी आजच संबंधित विभागाला पाठवत आहे. त्यांनी ती मी जिवंत असताना वाचावी.

सही: सुनेत्रा अंबादास देवकर

आमच्यासमोर सही केली. बोलणे व समज ठीक आहे:
१. डॉ. चिन्मय पाठारे, मयूर विहार
२. नीला गोडसे, शेजारी, करोलबाग

स्थळ: नवी दिल्ली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५