पायडलवरचं माणूस

अमरावती, ता. ११ एप्रिल १९३९

रा. रा. नत्थुजी जावई यांसी उत्तमरावाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही. तुमी मुंबईहून मागवून पाठवलेला ब्रेकचा मास्टर सिलिंडर मोटारीले बसवून पाच दिवस झाले. तेल भरलं, चारी चाकांच्या पेचातून तीनदा हवा काढली, तरी पायडल दाबलं का थेट फळीले टेकते. जुना फुटला तवा असंच होत होतं. मग याले नवा काहून म्हणायचं?

डब्बा मी निरखून पाह्यला. सुतळी मुंबईची नाही, अकोल्याच्या बाजारातली आहे, गाठ बी तुमचीच. जुन्याले रंग मारून नवा म्हणून देणारे मले माहीत आहेत. तुमच्या वळखीनं जवान म्हणून घेतलेल्या बैलाचे झिजलेले दात बी मी विसरलो नाही. चंद्रभान मिस्त्रीले तर मी मोटारीजवळ फिरकूच दिलं नाही, तो सामान बदलते. घरचंच माणूस पायडलवर बसवलं आणि मी खाली निजलो.

गेल्या खेपेस ब्रेक गेला तवा मोटार परतवाड्याच्या नाक्यावर लिंबाले धडकली. देवीदासचा तवा मुरगळलेला पाय आता कुठं टेकू लागला. मे लागताच त्याले चिखलदऱ्याच्या सवाऱ्या न्यायच्या आहेत. तो घाट तुमी पाह्यला आहे, आणि मले भाऊ एकच आहे. खरं सांगा, नवा का जुना?

लोभ किती ठेवायचा ते उत्तर आल्यावर पाहू.

उत्तमराव


अकोला, ता. १४ एप्रिल १९३९

रा. रा. उत्तमराव यांसी नत्थुजीचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. सुतळी माझीच. स्टेशनावर डब्बा आला तेव्हा आतला माल फुटला तर नाही, हे उघडून पाहिलं आणि पुन्हा बांधलं. एवढाच माझा गुन्हा. सिलिंडर कोरा करकरीत होता. बैलाचं म्हणाल तर तो सात वर्षं तुमच्या वखराला चालला, तेव्हा त्याचे दात आता सोडा.

तुमचं पत्र तुमच्या बहिणीनं, सत्यवतीनं, वाचलं हे वाईट झालं. दादानं माझ्या नवऱ्याला चोर ठरवलं, आता माहेरची पायरी चढणार नाही, म्हणते. दोन दिवस धड जेवली नाही. तुम्ही म्हशीखाली बसून दूध मोजता, ते आम्ही हसून सोडतो. हे हसण्यावारी जाणार नाही.

इथल्या मिस्त्रीला विचारलं. खालचा पेच उघडा असताना वरचा पाय सुटला की हवा परत आत ओढली जाते, असं तो म्हणाला. पायडलवर कोण होतं, ते तुम्ही लिहिलं नाही. सत्यवतीनं त्याबद्दल देवीदासच्या बायकोला, जयवंताला, वेगळं पत्र टाकलं आहे.

मी लोभ कमी केलेला नाही, नोंद असावी.

नत्थुजी


अमरावती, ता. १६ एप्रिल १९३९

सौ. सत्यवतीताईंस जयवंताचा कृ. सा. न. वि. वि.

ताई, पायडलवर मीच होती. दादाले बाहेरच्या कोणावर भरोसा नाही, आणि आमच्या घरच्यांचा पाय दुखरा. मग मलेच बसवलं. तुमाले तर माहीत आहे, ते मोठे भासरे, मी लहान भावाची बायको. लग्नाले नऊ वर्षं झाली, पण मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, त्यांनीबी कधी मले हाक मारली नाही. खालून पान्याचा एक ठोका म्हणजे दाबायचं, दोन ठोके म्हणजे सोडायचं, असं त्यांनी यांच्याकडून सांगून पाठवलं.

मी ठेंगणी. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, पाय कसाबसा पुरे. चार-पाच वेळा दोन ठोक्यांच्या आधीच पाय निसटला. निसटला म्हणून सांगू कशी? त्यांना वाटे दाबलेलंच आहे, पेच तसाच उघडा राहे. मग ते जावईबुवांना नाही नाही ते बोलले आणि मी चुलीजवळ गुमान आयकत बसली. माझी मलेच लाज वाटली, ताई.

त्या मोटारीत माझाच नवरा बसणार आहे. उद्या सकाळी पुन्हा हवा काढणार आहेत. काय करावं ते मी ठरवलं आहे. माझ्यापायी माहेर तोडू नका.

तुमची माया माझ्यावर आहे तशीच राहू द्या.

जयवंता


अमरावती, ता. १७ एप्रिल १९३९

रा. रा. नत्थुजी जावई व चि. सौ. सत्यवती यांसी उत्तमरावाचा न. वि. वि. व आशीर्वाद.

आज सकाळी मोटारीखाली होतो. पेच उघडा, नळी तेलाच्या बाटलीत, आणि वरून एक बाई बोलली, का दादा, पाय सुटला, पेच बंद करा. मी दचकलो, कपाळ लोखंडावर आदळलं. खरं सांगतो, पहिली शंका हीच आली का माझ्या मोटारीत ही परकी बाई कोण शिरली. बाहेर येऊन पाह्यलं तर जयवंता. पदर मागं सारलेला, मले पाहून बी जागची उठली नाही.

माझ्या मनात राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी पुन्हा खाली निजलो आणि म्हटलं, दाब. ती दाबलं म्हणे तवा पेच उघडायचा, मी बंद म्हटलं का तिनं सोडायचं. अर्ध्या तासात बाटलीतले बुडबुडे सरले. पायडल आता दगडासारखं टणक आहे. मोटार परतवाड्यापर्यंत नेऊन आणली, म्हणाल तिथं उभी राहते.

सिलिंडर नवाच होता. जावईबुवा, मी तुमच्यावर आळ घेतला, मले माफ करा. सत्यवती, तू ये. देवीदास मोटार घेऊन तुले आणायले येईल, भिऊ नको.

एक शंका मात्र जात नाही. नऊ वर्षं ती माझ्या घरात आहे आणि मले तिचा आवाज वळखू आला नाही. तिनं सांगायचं आणि मी आयकायचं असं आणखी काय काय राहून गेलं असंल, या विचारानं जेवण गेलं नाही.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

उत्तमराव