गॅलरीतला चुना

१२ जाने., सोमवार
गॅलरीच्या फरशीवर परत चुन्याचे डाग. सशाच्या पिंजऱ्यासमोर, आबांच्या खुर्चीच्या पायाशी. आबांना म्हटलं, तंबाखू मळताना खाली कागद तरी धरत जा. "माझा न्हवं त्यो चुना," एवढंच म्हणाले. मग कोणाचा, मी मळते? हे ओठांवर आलं होतं, गिळलं. पण फडकं बादलीत जरा जोरात आपटलं. ते त्यांनी ऐकलं असणार. ऐकावं म्हणूनच आपटलं का?

सासऱ्यांशी असं वागू नये. शिरोळची शेती आणि म्हशी धाकट्या मुलावर सोपवून इथं तिसऱ्या मजल्यावर आलेत. सांभाळायला उरलाय एक ससा. तोही लेकीनं, मृण्मयीनं, हट्टानं आणलेला आणि पुण्याला शिकायला जाताना मागं ठेवलेला. आबा त्याला पैलवान म्हणतात.

१५ जाने., गुरुवार
दुधाच्या टेम्पोतून गावाकडची लसूणघासाची पेंढी आली. दर आठवड्याची. हिरवीगार, कोवळी. आबांचा चेहराच बदलतो. "दुभत्या म्हशीच्या तोंडचा घास हाय ह्यो. पैलवान म्हटल्यावर खुराक नको व्हय?" वर भिजवलेले हरभरे. ससा खातो तेही त्यांच्याच हातून. माझा हात नुसता हुंगतो.

त्याची मागची बाजू ओली वाटली. वास पण. पाणी सांडलं असेल. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा अजून तसाच, वेळ...

१८ जाने., रविवार
आज कोमट पाण्यानं धुतला. मांड्यांच्या आतले केस गेलेत, कातडी लालबुंद. हात लावला तर दात करकर वाजवले. पुसून खाली सोडला तर कोपऱ्यात जाऊन मागचा भाग उचलून बसला, जोर करत. काही नाही. पुन्हा जोर. मग थोडंसं आलं. लघवी म्हणावी असं नव्हतंच, पांढरं, दाट, भिजवलेल्या खडूसारखं.

दुपारपर्यंत ते वाळलं. बोटानं खरवडून पाहिलं.

चुना.

१९ जाने., सोमवार
रजा टाकली, ससा डॉक्टरकडे नेला. डॉक्टर तरुण मुलगी आहे, शांत. एक्स-रे लावून दाखवला. मूत्राशय हाडांपेक्षा पांढरं दिसत होतं. आत वाळूसारखा गाळ साठलाय. सशाच्या अंगात जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं म्हणे, आणि लसूणघासात ते भरपूर. "वाढत्या पिल्लाला ठीक, मॅडम. ह्याला रोज नको. वाळकं गवत द्या, पाणी वाटीतून द्या, हिंडू द्या. सुटलाय किती!"

मग तिनं विचारलं, "पांढरं कधीपासून होतंय?"

"लक्षात आलं नाही," मी म्हणाले. दिवाळीपासून पुसते आहे मी ते.

घरी येऊन आबांना सांगितलं, तो चुना तुमचा नव्हता. "मी तवाच म्हणलोतो की." राग नाही, काही नाही. ते जास्त लागलं. मग म्हणाले, "कशानं झालं म्हंती डॉक्टरीण?"

"पाणी कमी पडलं." खोटं नाही. पण खरंही नाही. "थोडे दिवस हिरवं बंद ठेवा, आबा."

२२ जाने., गुरुवार
टेम्पोवाल्याला पेंढी परत न्यायला सांगितली. संध्याकाळी पाहते तर सशाच्या तोंडात हिरवी काडी. आबांनी आधीच अर्धी पेंढी काढून टॉवेलखाली ठेवलेली. "आजारी जनावराच्या तोंडातला घास काढतीस व्हय गं?" त्यांच्या बाजूनं बरोबरच बोलले. मी कारण सांगितलंय कुठं?

संजयला म्हटलं, तुमचे वडील, तुम्ही सांगा. "मी सांगितलं की भांडण हुतंय. तू मास्तरीण हाईस, तू समजावून सांग." आणि हसला. मला हसू आलं नाही. सशाला औषध द्यायचं होतं, सिरिंजनं. अर्धं माझ्या साडीवर.

२४ जाने., शनिवार
सांगितलं. चहाच्या वेळी. सगळं सांगितलं, एक्स-रे दाखवला. आबांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"म्हंजे माझ्याच हातानं."

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, "हो आबा. आणि माझ्या डोळ्यांदेखत. मी तुमचं ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

एक्स-रे नीट पाकिटात घातला, मला दिला आणि आत गेले. जेवायला आले. गॅलरीत आले नाहीत.

बरोबर केलं का? हे सांगणं कोणासाठी होतं, सशासाठी की माझ्या...

२५ जाने., रविवार
ससा खात नाही. संजयनं आजऱ्याच्या मित्राकडून डोंगरातलं वाळकं गवत आणवलं. त्याला तोंड लावत नाही. माझ्या हातचं तर नाहीच. डॉक्टर फोनवर म्हणाली, सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात, मग गाळ राहू दे, जीवच जाईल. मंगळवारी भूल देऊन मूत्राशय धुवायचं, पण खाल्लं तरच.

आबांना म्हटलं, चला ना, तुमच्या हातून खाईल. "माझा हात नको आता त्येला."

मृण्मयीचा फोन आला. रडत होती, मग म्हणाली, आबांना दे. दाराशी उभी राहून ऐकलं, लाज वाटली तरी. आबांचं फक्त "व्हय... व्हय बाळ... न्हाय गं" एवढंच.

फोन ठेवून आबा मोरीत गेले. साबणानं हात धुतले, दोनदा. "तंबाखूचा वास नको." गॅलरीत बसले, चिमूटभर वाळकं गवत तळव्यावर घेतलं आणि अंगठ्यानं मळू लागले. तंबाखू मळतात तसं. मऊ होईपर्यंत. वास सुटला त्याचा. तळवा पुढं धरला.

पैलवान आला. हुंगलं. एक काडी ओढली.

मी स्वयंपाकघरात गेले.

२७ जाने., मंगळवार
धुतलं. भुलीतून उठला. डॉक्टरनं गाळ बाटलीत भरून दिला, पांढरी रेती. सगळा निघाला नाही. परत साचला किंवा खडा झाला तर ऑपरेशन, आणि ते त्याला सोसेल याची खात्री ती देत नाही. घरी आल्यावर आबा बाटली मागत होते. कशाला, तर "बघायचीय." दिली नाही. उद्या देईन.

२९ जाने., गुरुवार
सकाळी आबांनी त्यांच्या जुन्या काळ्या घोंगडीचा तुकडा फाडून पिंजऱ्यासमोर अंथरला. "ह्याच्यावर पांढरं असंल तर लपणार न्हाय." टेम्पो येऊन गेला. पेंढी नव्हती, आबांनीच दिराला फोन केलेला.

नऊच्या सुमाराला पैलवान घोंगडीवर बसला. जोर केला. ओलं झालं, तळहाताएवढं. ओलं असताना काळ्यावर काही कळत नाही, पांढरं असेल तर वाळल्यावरच दिसेल.

"फॅन लावू का, आबा?"

"नगं. आपलंआपण वाळू दे."

कॉलेजला उशीर होतोय. आबा खुर्चीत, मी उंबऱ्यावर. त्यांचं गवत मळून झालंय, तळवा तसाच धरलाय. डागाची कड वाळत आलीय. मधलं अजून ओलं आहे.